पापणीवरचा लाल चट्टा

बाळ जन्मतं तेव्हा त्याच्या पापण्या सुजलेल्या असतात. तीन-चार दिवसांत सूज उतरते, आणि मग एखाद्या दुपारी झोपलेल्या बाळाकडे बघताना कुणाच्या तरी लक्षात येतं, अगं, हिच्या पापणीवर हे लाल काय आहे? बारशापर्यंत त्याची तीन-चार कारणं घरात ठरलेली असतात. पोटुशी असताना ग्रहण पाळलं नाही, आंघोळीत साबण गेला, मालिशवाल्या बाईंचं नख लागलं, दृष्ट लागली. मग त्यावर काहीबाही लावायला सुरुवात होते आणि बऱ्याचदा खरा त्रास तिथूनच सुरू होतो. चट्टा बिचारा आपला गप्प असतो. पुरळ उठतं ते त्याच्यावर लावलेल्या गोष्टीचं.

पापणी लाल दिसण्याची कारणं डझनभर निघतील, पण तीन प्रश्न विचारले की बरीचशी आपोआप बाजूला होतात. चट्टा जन्मापासूनचा आहे की नंतर उगवला? एकाच डोळ्यावर आहे की दोन्ही? आणि कातडी ताणली की तो फिका पडतो का?

तिसरं घरी बघता येतं, फक्त पापणीवर बोट दाबायचं नाही, कारण खाली डोळा आहे. बाळ गाढ झोपलेलं असताना भुवईच्या जरा खाली बोटाचं टोक टेकवायचं आणि कातडी वरच्या दिशेने अलगद ताणायची. लाली विरून गेली आणि सोडल्यावर एक-दोन सेकंदांत परत भरली, तर ते रक्तवाहिन्यांतलं रक्त आहे. मानेच्या मागे केसांच्या रेषेत तसाच चट्टा सापडला तर तो दाबून बघणं अधिक सोपं. पारदर्शक काचेचा पेला तिथे हलका टेकवा, काचेतून रंग उडालेला स्पष्ट दिसतो. ताणूनही अजिबात न हललेला लाल-जांभळा ठिपका म्हणजे रक्त वाहिनीच्या बाहेर कातडीत उतरलेलं आहे. जोर लावून झालेल्या प्रसूतीनंतर किंवा नाळेचा वेढा असला तर चेहऱ्यावर असे बारीक ठिपके दिसतात, आणि काही दिवसांत ते जातात. मात्र ठिपके नव्याने येत असतील, पोटावर-पायांवर पसरत असतील तर त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा.

दोन्ही वरच्या पापण्यांवर, जन्मापासून, सपाट, कडा अस्पष्ट आणि ताणल्यावर फिका पडणारा असा चट्टा असेल तर तो जवळजवळ नक्कीच साल्मन पॅच. डॉक्टरांच्या कागदावर कधी कधी नेव्हस सिम्प्लेक्स असं लिहिलेलं असतं, घाबरू नका, तोच तो. आपल्याकडच्या जुन्या बायका याला लासं म्हणून मोकळ्या होतात. युरोपात समजूत अशी की बाळ करकोचा चोचीत धरून आणतो, म्हणून मानेवरच्या चट्ट्याला तिकडे करकोच्याचा चावा म्हणतात आणि पापणीवरच्याला देवदूताची पापी. चट्टा एकच, कहाणी ज्याच्या त्याच्या गावची.

या जागी कातडीतल्या अगदी बारीक केशवाहिन्या जरा रुंद राहिलेल्या असतात, एवढाच प्रकार. पापणीची कातडी अख्ख्या शरीरात सर्वांत पातळ, त्यामुळे खालचं रक्त दिसतं. आईने काय खाल्लं, काय पाहिलं, प्रसूती साधी झाली की सिझेरियन, याच्याशी संबंध नाही. पापण्यांबरोबर कपाळाच्या मध्यावर व्हीच्या आकारात, भुवयांच्या मधे, वरच्या ओठावर किंवा मानेवरही तो असू शकतो. गव्हाळ किंवा सावळ्या बाळात तो गुलाबी दिसेलच असं नाही. कधी मळकट तांबूस, कधी जांभळट वाटतो, आणि म्हणूनच मार लागल्याचा संशय येतो.

तो सतत बदलतो, हे सांगितलं नसेल तर घरचे हमखास हबकतात. सकाळी जवळजवळ दिसत नाही, आणि संध्याकाळी बाळ टाहो फोडायला लागलं की लालभडक. शी करताना जोर लावला, गरम पाण्याने आंघोळ झाली, ताप आला, की रंग गडद होतो. रोग वाढतोय असा त्याचा अर्थ नाही, त्या वेळी चेहऱ्याकडे रक्त जास्त आलेलं असतं. पापणीवरचा चट्टा बहुतेक बाळांत वर्ष-दोन वर्षांत पुसला जातो. कपाळावरचा थोडा जास्त वेळ घेतो, आणि पुसल्यावरही मूल चिडलं की कपाळावर तो व्ही काही क्षण उमटून जातो. औषध नाही, मलम नाही, लेझर नाही. खोबरेल चोळून तो लवकर जात नाही आणि न चोळल्याने राहत नाही.

फोटो मात्र काढून ठेवा. दर आठवड्याला, बाळ शांत झोपलेलं असताना, खिडकीपाशी दिवसाच्या उजेडात, फ्लॅश न मारता, साधारण तेवढ्याच अंतरावरून. रडतानाचा एक आणि झोपेतला एक असे फोटो शेजारी ठेवून 'बघा किती वाढलं' असा निष्कर्ष काढण्यात अर्थ नाही. सहा आठवड्यांचे सारख्या उजेडातले फोटो डॉक्टरांना दाखवले तर तुमच्या दहा मिनिटांच्या वर्णनापेक्षा त्यांना त्यातून जास्त कळतं.

आता एकाच बाजूचा चट्टा. एका पापणीवर आणि त्याच बाजूच्या कपाळावर, नाकाच्या मध्यरेषेपाशी थांबणारा, गडद गुलाबी ते दारूच्या रंगाचा, कडा बऱ्यापैकी रेखीव, असा डाग जन्मापासून असेल तर तो पोर्ट वाइन स्टेन असू शकतो. हा पुसला जात नाही. बाळ वाढेल तसा त्याच प्रमाणात मोठा होतो आणि वयानुसार गडद होतो. कातडीवरचा डाग हा त्यातला कमी महत्त्वाचा भाग. कपाळ आणि वरची पापणी व्यापणाऱ्या डागाबरोबर काही बाळांत डोळ्याचा दाब वाढलेला असतो आणि मेंदूच्या आवरणातल्या रक्तवाहिन्याही तशाच असतात. या अवस्थेला स्टर्ज-वेबर सिंड्रोम म्हणतात. इंग्लंडचे डॉक्टर स्टर्ज यांनी १८७९ मध्ये असा रुग्ण नोंदवला. कारण मात्र २०१३ मध्ये सापडलं: जीएनएक्यू नावाच्या जनुकात गर्भातच, शरीराच्या ठराविक पेशींपुरता झालेला बदल. तो आईवडिलांकडून आलेला नसतो, म्हणून 'कुणाच्या घराण्यात होतं' ही चौकशी व्यर्थ आहे.

डाग नुसता गालावर असेल तर ही भीती फारशी नाही. वरची पापणी किंवा कपाळ त्यात असेल तर नेत्रतज्ज्ञांकडून डोळ्याचा दाब पहिल्या काही आठवड्यांतच तपासून घ्यायचा, आणि पहिला निकाल चांगला आला तरी पुढे तपासत राहायचं. घरी लक्ष कशावर ठेवायचं? त्या बाजूचं बुबुळ दुसऱ्यापेक्षा मोठं दिसतंय का, त्यावर धुरकट झाक आहे का, उजेडात बाळ तो डोळा घट्ट मिटून घेतं का, पाणी येतं का. शरीराच्या एकाच बाजूला हात-पाय झटके देत असतील तर व्हिडिओ काढा आणि ताबडतोब निघा. डागासाठी पल्स्ड डाय लेझर असतो. तो लहानपणी सुरू केला तर फरक जास्त पडतो, आणि बऱ्याच बैठका लागतात.

नंतर उगवणाऱ्यांत सर्वांत फसवा हेमॅन्जिओमा, म्हणजे रक्तवाहिन्यांची गाठ. जन्मताना काहीच नसतं, फार तर एक फिकट ठिपका किंवा ओरखडा असावा तशी खूण. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात ती लाल होते, उचलली जाते आणि स्ट्रॉबेरीसारखी खरबरीत गाठ बनते. मुलींत, अपुऱ्या दिवसांच्या आणि कमी वजनाच्या बाळांत जास्त. अंगावर इतरत्र असला तर पुष्कळदा नुसती वाट बघितली तरी चालतं, कारण पहिल्या वर्षानंतर तो स्वतःच ओसरायला लागतो. पापणीवर मात्र वाट बघायची नाही. पापणी जड होऊन बाहुली झाकली गेली किंवा गाठीने डोळ्याच्या गोळ्यावर दाब देऊन त्याचा आकार जरासा वाकडा केला, की मेंदू त्या डोळ्याकडून येणारं चित्र वापरणंच सोडून देतो. गाठ पुढे विरते, पण आळशी डोळा मागे राहतो. वाढीचा जोर पहिल्या तीन महिन्यांत सर्वाधिक असल्यामुळे अमेरिकन अकॅडमी ऑफ पेडिअ‍ॅट्रिक्सच्या २०१९ च्या मार्गदर्शक सूचनांत तज्ज्ञांना दाखवण्याचं वय महिनाभराचं सांगितलं आहे. 'सव्वा महिना झाल्याशिवाय बाळाला बाहेर काढायचं नाही' हा नियम इथे मोडायचा.

उपचार प्रोप्रॅनोलॉल. हे मूळचं रक्तदाबाचं आणि हृदयाचं औषध. फ्रान्समध्ये बोर्दो इथे हृदयाच्या त्रासासाठी ते दिलेल्या बाळाचा हेमॅन्जिओमा मऊ पडून फिका झाला, आणि २००८ मध्ये ते प्रसिद्ध झाल्यावर उपचारांची दिशाच बदलली. साधारण दर किलो वजनामागे दिवसाला २ ते ३ मिलिग्रॅम, दोन किंवा तीन भागांत, किमान सहा महिने. डोस डॉक्टरच ठरवतात आणि वजन वाढेल तसा बदलतात. चूक घरी होते ती वेगळीच. हे औषध उपाशी पोटी द्यायचं नाही, कारण रक्तातली साखर झपकन उतरू शकते. बाळ दूध घेत नसेल, उलट्या होत असतील किंवा छातीत घरघर असेल तर तो डोस थांबवून डॉक्टरांना फोन करायचा. झोपलेलं बाळ गळून गेल्यासारखं, थंड, घामेजलेलं वाटलं तर तेवढाही वेळ घालवायचा नाही, थेट दवाखाना.

इथवर झाले चट्टे. पुरळ ही निराळी गोष्ट, आणि तिचं मूळ बहुधा आपल्या देवघरापासून मोरीपर्यंत कुठेतरी असतं.

काजळापासून सुरुवात करू. घरचं काजळ शुद्ध, हे वाक्य सगळीकडे ऐकू येतं. तुपाची किंवा एरंडेलाची वात, वर पालथं ताट, जमलेली काजळी तुपात खललेली, आणि 'थंडावा' म्हणून चिमूटभर कापूर. यातला कापूर लहान बाळाच्या कातडीला झोंबतो, आणि पोटात गेला तर झटके आणू शकतो. काजळीचे कण पापणीच्या कडेवरच्या ग्रंथींची तोंडं बुजवतात, अश्रूनलिकेच्या तोंडाशी साचतात. आणि ते लावतं कोण, तर स्वयंपाकघरातून आलेलं बोट. बाजारचं काजळ आणि सुरमा यांत शिसं निघण्याची भीती वेगळी. सुरम्यात तर ते मुख्य घटकच असू शकतं. अमेरिकेत अशा काजळ-सुरम्याला प्रसाधनातला रंग म्हणून एफडीए या औषध-प्रसाधनांवर देखरेख करणाऱ्या सरकारी संस्थेची मान्यता नाही. तिकडे मुलांच्या रक्तातलं शिसं तपासताना डेसीलिटरला ३.५ मायक्रोग्रॅम ही २०२१ पासूनची संदर्भपातळी आहे, आणि ती ओलांडली की डॉक्टर घरातल्या वस्तू विचारायला लागतात. आजीने भारतातून पाठवलेली डबी तिथे आठवून सांगायची. काजळाने डोळे मोठे होत नाहीत, बुबुळ तेवढंच राहतं. तीट लावायचीच असेल तर टोपड्याला लावा. तळपायाचा पर्याय सुचवला जातो, पण पाचव्या महिन्यात तोच अंगठा तोंडात जातो.

दुसरी ओळखीची तऱ्हा म्हणजे डाळीचं पीठ आणि हळद चेहऱ्याला चोळणं. पीठ डोळ्याच्या कोपऱ्यात वाळतं, ते काढायला परत चोळलं जातं, आणि दोन्ही पापण्या लालसर, कोरड्या, सालपटं निघणाऱ्या होतात. ओवा-वावडिंगाच्या धुरीनेही डोळे चुरचुरतात आणि बाळ मूठ डोळ्यांवर घासतं. पापणीवर एकच सरळ लाल रेघ असेल तर ती त्याचीच नखं. झोपेत कापा, कात्रीपेक्षा बाळाच्या नेलकटरने, आणि कापल्यावर टोकं बोटाने चाचपून बघा. आईचं नेलपेंट, बाबांचा परफ्यूम, केसांचा डाय, वासाची साबण पावडर वापरून धुतलेली दुपटी, नाक चोंदलं म्हणून लावलेला बाम, हे सगळं बाळाच्या पापणीपर्यंत पोचतं, कारण बाळ दिवसभर कुणाच्या तरी खांद्यावर डोळे घासत असतं. जाता जाता, ट्रंकेतून काढलेल्या जुन्या झबल्यांना डांबरगोळ्यांचा वास असेल तर ती धुऊन, उन्हात वास जाईपर्यंत ठेवल्याशिवाय घालू नका. जीसिक्सपीडी या लाल रक्तपेशींना जपणाऱ्या एन्झाइमची कमतरता असलेल्या नवजात बाळात त्या वासानेही रक्तपेशी फुटून कावीळ होऊ शकते.

अशा पुरळाला पाच-सहा दिवस फक्त काढून घ्यायचं असतं, लावायचं नसतं. चेहऱ्याला साबण नाही, पीठ नाही, पावडर नाही. कोमट पाणी, मऊ सुती कापड, टिपायचं, पुसायचं नाही. कोरडं वाटलं तर बिनवासाची साधी पेट्रोलियम जेली, तांदळाच्या दाण्याएवढी, दोन बोटांत पातळ करून पापणीच्या वरच्या भागावर, पापणीच्या केसांपासून लांब. तरी बरं वाटत नसेल, किंवा गाल-कपाळही खरखरीत होऊन बाळ खाजेने उशीवर डोकं घासत असेल, तर तो अ‍ॅटोपिक एक्झिमा असू शकतो. डोक्यावर आणि भुवयांत पिवळट तेलकट खपल्या असतील तर पापणीवरचा पापुद्रा त्यातलाच.

मेडिकलमधली 'खाजेची ट्यूब' मात्र कदापि नाही. त्यात बहुतेक वेळा तीव्र स्टिरॉइड, बुरशीचं औषध आणि अँटिबायोटिक एकत्र असतं. दोन दिवसांत लाली जाते, म्हणून ती शेजारपाजारी फिरते. पापणीची कातडी ते औषध भराभर आत घेते आणि वरचेवर लावलं तर डोळ्याचा दाब वाढणं, मोतीबिंदू, कातडी पातळ होणं, सोडल्यावर दुप्पट पुरळ, हे सगळं होतं. २०१८ मध्ये केंद्र सरकारने बरीचशी स्टिरॉइड मलमं शेड्यूल एचमध्ये घातली, म्हणजे चिठ्ठीशिवाय विकता येत नाहीत. विकली जातात, हेही सगळ्यांना माहीत आहे. डॉक्टर कधी कधी हायड्रोकॉर्टिसोन हे सौम्य स्टिरॉइड मोजक्या दिवसांसाठी देतात. ते वेगळं, आणि दिवस संपले की ट्यूब फेकायची.

डोळा सतत ओला, सकाळी पापण्या चिपडांनी चिकटलेल्या, खालची पापणी ओलीने लालसर, पण डोळ्याचा पांढरा भाग पांढराच, असं असेल तर अश्रूनलिकेचं खालचं टोक अजून उघडलेलं नाही. वर्षभरात १० पैकी ९ बाळांत ते आपोआप उघडतं. मालिश त्याला मदत करते, पण बहुतेक जण नाक चोळतात आणि मालिश केल्याचं समाधान मानतात. नखं कापलेली, हात धुतलेले. करंगळीचं किंवा तर्जनीचं टोक डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यात, नाकाच्या हाडाला टेकेल असं ठेवा. तिथे जरा दाबा आणि दाब न सोडता सेंटिमीटरभर खाली नाकपुडीच्या दिशेने या. बोट कातडीवरून घसरता कामा नये, कातडी बोटाबरोबर खाली आली पाहिजे. असं पाच ते दहा वेळा, दिवसातून तीन-चारदा, दूध पाजायच्या आधी. कोपऱ्यातून थोडी चिकट घाण वर आली तर जागा बरोबर आहे. उकळून गार केलेल्या पाण्यात बुडवलेला कापूस आतून बाहेर एकदाच फिरवून टाकायचा, दुसऱ्या डोळ्याला नवा. डोळ्यात आईचं दूध पिळू नका, ते गोड असतं आणि जंतूंनाही आवडतं. कोपऱ्यात निळसर फुगा किंवा लाल दुखरी गाठ आली तर मालिश बंद करून दाखवायचं.

एका सकाळी एकच पापणी टम्म, गुलाबी, पण बाळ हसतंय-खेळतंय, तर डास. पापणीची कातडी सैल, म्हणून एवढीशी चावण्याची जागा एवढी फुगते, आणि दिवस-दोन दिवसांत उतरते. तीच सूज तापासह, गरम, वाढत जाणारी, डोळा पुढे आल्यासारखा किंवा नीट फिरत नसलेला, तर तो डोळ्याभोवतीचा संसर्ग आहे आणि दवाखान्यात शिरेतून औषध लागतं. तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला १००.४ फॅरनहाइट म्हणजे ३८ सेल्सिअस ताप हेच कारण पुरेसं, पापणी कशीही असो. जन्मानंतरच्या पहिल्या आठवड्यात सुजलेल्या पापण्यांमधून पू ओघळत असेल तर ते तासांचं काम आहे, दिवसांचं नाही. प्रसूतीवेळी आलेले गोनोरियाचे (परम्याचे) जंतू बुबुळाला भोक पाडू शकतात. पहिल्या महिन्यात पाणी भरलेल्या बारीक फोडांचा घोळका दिसला तर हर्पीसचा विचार करून त्याच दिवशी जायचं. ओठावर तापाचे फोड असलेल्या पाहुण्याला पापी घेऊ देऊ नका, कितीही जवळचा असो.

दोन दुर्मीळ गोष्टी एवढ्यासाठी की त्या पुरळ समजून राहून जातात. काही आठवड्यांच्या बाळाच्या डोळ्यांभोवती चष्म्यासारखी किंवा कड्यांसारखी लाली, सकाळच्या कोवळ्या उन्हात ठेवल्यावर अधिक उठलेली, ही नवजात ल्युपस या आजाराची असू शकते. आईला स्वतःला काही त्रास नसला तरी तिच्या रक्तातल्या अँटी-रो प्रतिपिंडांमुळे ती येते. पुरळ काही महिन्यांत जातं, पण त्याच प्रतिपिंडांनी हृदयाचे ठोके मंदावलेले असू शकतात, म्हणून बाळाचा ईसीजी करायचा. आणि मार नसताना दोन्ही डोळ्यांभोवती निळी-काळी वर्तुळं आली, तर झोप झाली नाही म्हणून सोडून न देता बालरोगतज्ज्ञांना दाखवा. पोटात सुरू होणाऱ्या न्यूरोब्लास्टोमा या गाठीची ती खूण असू शकते.

साल्मन पॅचचं मात्र एक शेपूट राहतं. पापणीवरचा गेला, कपाळावरचा गेला, घरचे विसरले. मग वर्षाने जावळ काढतात, आणि न्हाव्याचा वस्तरा मानेवरून फिरला की खाली लालचुटुक चट्टा. वस्तऱ्याने भाजलं म्हणून न्हाव्याशी भांडू नका. तो जन्मापासून तिथेच होता. मानेवरचा पुष्कळांच्या बाबतीत मोठेपणीही राहतो. बाळाच्या आईची वेणी वर धरून बघा, तिलाही कदाचित असेल.